हजेरीपटावर नाव कोणाचे?

आपल्या विचारपीठांवर अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा लढा हा काही नवा विषय नाही. १९४६ साली खुद्द बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला होता. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नावच तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतले गेले. मार्टिन ल्यूथर किंग, माल्कम एक्स ही नावे आपल्या कार्यकर्त्यांना पाठ आहेत. परंतु त्या समाजाने आपले दुःख आणि आपला स्वाभिमान ज्या गाण्यांतून जगापुढे मांडला, त्या गाण्यांकडे मात्र आपण 'नाचगाणे' म्हणून पाठ फिरवतो. ज्या समाजाला जलशांनी जागे केले त्या समाजाने असे करावे, हे आश्चर्यच म्हटले पाहिजे!

म्हणूनच आज आम्ही एका अल्बमविषयी लिहिणार आहोत. २५ ऑगस्ट १९९८ रोजी लॉरिन हिल या अवघ्या २३ वर्षांच्या कृष्णवर्णीय गायिकेचा 'द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल' हा पहिला स्वतंत्र अल्बम प्रसिद्ध झाला. त्याला पाव शतकाहून अधिक काळ लोटला. तरीही त्या अल्बमने आणि त्यावरून झालेल्या कोर्टकज्जाने जे प्रश्न उभे केले, ते आपल्या दारात आजही जसेच्या तसे उभे आहेत.

तुम्ही म्हणाल, वकिली करणाऱ्या माणसाला अमेरिकेतल्या पॉप गायिकेचे काय पडले आहे? आमचे म्हणणे असे की, वकिलीमुळेच पडले आहे. त्याचे कारण पुढे येईल.

प्रथम ही मुलगी कोण ते पाहू. जन्म २६ मे १९७५, न्यू जर्सी राज्यातला. आई शाळेत इंग्रजी शिकवणारी. शाळेत असतानाच ती एका बँडमध्ये सामील झाली. बँडमध्ये तिघे जण : वायक्लेफ जीन, प्रास मिशेल आणि ही. बँडचे नाव 'फ्यूजीज'. हे नाव 'रेफ्यूजी' म्हणजे निर्वासित या शब्दावरून आले. दोघे पुरुष हैती देशातून आलेल्या घरांतले. हैतीतून अमेरिकेत आलेल्या गरीब लोकांना हिणवण्यासाठी हा शब्द वापरला जाई. या पोरांनी तीच शिवी उचलली आणि आपल्या बँडच्या कपाळावर लावली! हैती म्हणजे गुलामांनी स्वतः बंड करून १८०४ साली स्वतंत्र केलेला देश. त्या देशाच्या लेकरांना कोणी निर्वासित म्हणून हिणवावे आणि त्यांनी ते नाव मान ताठ ठेवून मिरवावे, यातला अर्थ आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. 'दलित' हा शब्द आपल्या साहित्याने असाच हातात घेतला होता.

१९९६ साली या बँडच्या 'द स्कोअर' या दुसऱ्या अल्बमच्या जगभरात एक कोटीहून अधिक प्रती खपल्या. १९९७ साली दोन ग्रॅमी पुरस्कार मिळाले. आणि मग जे व्हायचे ते झाले. गटात बेबनाव झाला, तिघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. गट फुटतो म्हणजे नेमके काय होते, हे निदान आमच्या वाचकांना तरी विचारू नये! फुटलेल्या गटातला प्रत्येक जण उरलेले आयुष्य दुसऱ्याची उणीदुणी काढण्यात घालवतो, हा आपल्याकडचा अनुभव. लॉरिन हिलनेही एका गाण्यात राग काढला आहे, आणि तो कोणावर आहे हे ऐकणाऱ्यांनी लगेच ओळखले. परंतु राग एका गाण्यात संपवून उरलेला अल्बम तिने मोठ्या कामाला लावला. आमच्या मते तिचे पहिले मोठेपण हे.

ते मोठे काम कोणते? ते अल्बमच्या नावातच आहे. 'मिसएज्युकेशन' म्हणजे चुकीचे शिक्षण, कुशिक्षण. १९३३ साली डॉ. कार्टर जी. वूडसन या कृष्णवर्णीय इतिहासकाराने 'द मिस-एज्युकेशन ऑफ द नीग्रो' हा ग्रंथ लिहिला. वूडसन यांचे आईवडील गुलामीत जन्मलेले. स्वतः वूडसन कोळशाच्या खाणीत राबले, वयाच्या विशीत हायस्कुलात गेले, आणि १९१२ साली हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. हार्वर्डकडून ती पदवी मिळवणारे ते दुसरे कृष्णवर्णीय. १९२६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा सप्ताह सुरू केला. आज अमेरिकेत फेब्रुवारी महिना त्या इतिहासाचा म्हणून पाळला जातो, त्याचे मूळ तिथे आहे.

या ग्रंथाचे म्हणणे थोडक्यात असे : गुलामी कायद्याने संपली, पण शाळेतून ती पुन्हा शिकवली जाते. ज्या पुस्तकात आपल्या पूर्वजांचे नाव नाही, ते पुस्तक वाचून शिकलेला माणूस आपल्याच लोकांना कमी लेखतो आणि त्यांच्यापासून दूर जातो. असा माणूस पदवी घेतो, पण समाजाच्या कामी येत नाही. वाचकहो, हे वाचताना १९५६ साली आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांविषयी व्यक्त केलेली खंत आठवत नाही काय? दोन महापुरुष, दोन देश, पण दुखणे एकच! 'शिका' हा आपल्या घोषवाक्यातला पहिला शब्द. पण काय शिका आणि कोणासाठी शिका, हा प्रश्न त्या शब्दाच्या पोटात आहे, हे आपण विसरतो.

लॉरिन हिल ही कोलंबिया विद्यापीठात सुमारे वर्षभर शिकलेली. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब जिथे शिकले तेच हे विद्यापीठ. तिने वूडसन यांच्या ग्रंथाचे नाव घेतले, त्यातला समाज काढला आणि तिथे स्वतःचे नाव घातले. म्हणजे ती इतरांना उपदेश करायला उभी राहिली नाही. 'कुशिक्षण झाले ते माझे, त्याची झाडाझडती मी घेते,' असे ती म्हणाली.

अल्बमची सुरुवात पाहण्यासारखी आहे. शाळेची घंटा वाजते. मास्तर हजेरी घेतात. एकेक नाव पुकारले जाते, मुले 'हजर' म्हणतात. शेवटी लॉरिन हिलचे नाव येते. उत्तर नाही. पुन्हा पुकारतात. उत्तर नाही. मुलगी गैरहजर! मग गाण्यांच्या मधे मधे तो वर्ग चालूच राहतो. मास्तर पोरांना विचारतात, प्रेम म्हणजे काय? पोरे आपापल्या बुद्धीने उत्तरे देतात, हसतात, वाद घालतात. मास्तरांचा आवाज आहे रास बराका यांचा. ते कवी आणि शिक्षक. पुढे २०१४ साली ते न्यूआर्क शहराचे महापौर झाले. जो धडा वर्गात चुकला तो ही मुलगी बाहेर, आयुष्याच्या शाळेत, ठेचा खाऊन शिकते. तोच हा अल्बम.

गाणी प्रेमाची आहेत, फसवणुकीची आहेत, लहानपणीच्या वस्तीची आहेत. पैशासाठी आणि दिखाव्यासाठी स्वतःला विकू नका, हे ती मुलींना सांगते आणि त्याच गाण्यात मुलांनाही सुनावते. ते गाणे अमेरिकेच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आले. पण आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते तिने आपल्या मुलावर रचलेले गाणे. १९९७ साली ती गरोदर होती. कीर्ती शिखरावर होती. जवळच्या लोकांनी सल्ला दिला की, आता मूल नको, करिअरचा विचार कर. तिने मूल जन्माला घातले आणि त्या सल्ल्याचीच कहाणी गाण्यात सांगितली. मूल हवे की नको हा निर्णय सर्वस्वी त्या स्त्रीचा. प्रश्न असा आहे की, बाईच्या पोटात मूल आहे म्हणून तिच्या कामाची किंमत कमी का व्हावी? १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाच्या बाजूने बाबासाहेब उभे राहिले, तेव्हा त्यांनी गिरणीतल्या बाईसाठी हाच प्रश्न लावून धरला होता. गिरणी असो की गाण्याचा धंदा, मालकाचा हिशेब सारखाच असतो.

आता एक मतभेदही नोंदवून ठेवतो. या गाण्यांत बायबल आहे, देव आहे, प्रार्थना आहे. आम्ही बौद्ध. माणसाची मुक्ती वरून येत नाही, ती त्याच्या हातात असते, अशी आमची धारणा. परंतु गुलामीच्या काळात चर्च हेच त्या समाजाला एकत्र बसण्याचे ठिकाण होते, हा इतिहास ध्यानात घेतला की ती भाषा कुठून आली ते कळते. भाषा वेगळी, पण माणूस म्हणून ताठ उभे राहण्याची आस तीच. तेवढ्यावरून ही गाणी दूर सारू नयेत.

लोकांनी अल्बम डोक्यावर घेतला. पहिल्याच आठवड्यात अमेरिकेत ४ लाख २२ हजारांहून अधिक प्रती खपल्या. फेब्रुवारी १९९९ मध्ये १० ग्रॅमी नामांकनांपैकी ५ पुरस्कार तिला मिळाले. वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचा मान प्रथमच हिप-हॉप संगीताला मिळाला. वस्तीतले, रस्त्यावरचे, हिणवलेले संगीत थेट प्रस्थापितांच्या सिंहासनावर जाऊन बसले! २०१५ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करावयाच्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय नोंदवहीत त्याची नोंद केली. जी मुलगी हजेरीपटावर गैरहजर होती, तिचे नाव देशाच्या वहीत चढले.

इथे लेख संपवला असता तर गोड झाला असता. पण आम्ही वकील आहोत. ज्या कारणासाठी हा विषय घेतला ते आता सुरू होते.

नोव्हेंबर १९९८ मध्ये, अल्बम येऊन तीन महिने होतात न होतात तोच, 'न्यू आर्क' या नावाने काम करणाऱ्या चार संगीतकारांनी न्यू जर्सीत लॉरिन हिलवर दावा ठोकला. त्यांचे म्हणणे, अल्बमच्या बहुतेक गाण्यांच्या रचनेत आमचा हात आहे, पण श्रेय आणि हिस्सा आम्हाला मिळाला नाही. अल्बमवर लेखन, संगीत, निर्मिती म्हणून ठळकपणे एकच नाव होते, लॉरिन हिल. लेखी करार नसताना काम झाले होते. ती बाजू मानायला तयार नव्हती. हे माझे काम आहे, असे तिचे म्हणणे. फेब्रुवारी २००१ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली. न्यायालयाचा निकाल झाला नाही. म्हणून कोण खरे, कोण खोटे, हे सांगण्याचा अधिकार आम्हाला नाही आणि वाचकांनीही ते ठरवू नये.

परंतु दोन्ही बाजूंना वजन आहे, हे समजून घेतले पाहिजे. बाई गटात असली की ती म्हणजे आवाज आणि चेहरा. डोके मात्र पुरुषाचे, ही जगभरची रीत. एकटीने अल्बम केला तर 'हिच्यामागे कोण?' ही कुजबुज ठरलेली. अशा बाईने 'हे सर्व माझे' असे ठासून सांगितले, तर त्यामागचे कारण आम्हाला कळते. पण दुसऱ्या बाजूला चार कृष्णवर्णीय तरुण, रात्रीचा दिवस करून काम केल्याचे सांगणारे, आणि कागदावर त्यांना हवी तशी नोंद नाही. त्यांचेही दुःख खोटे कसे म्हणावे?

बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. तिची खुबी अशी की, दबलेल्या प्रत्येकाच्या पायाखाली आणखी कोणी तरी ठेवलेला असतो. वरच्याविरुद्ध तक्रार करणारा खालच्याचा हिशेब देत नाही. अमेरिकेतले हे भांडण जातीचे नव्हते, हे उघड आहे. पण ज्याचे श्रेय नाकारले गेले त्याच्याच हातून दुसऱ्याचे श्रेय राहून जाऊ शकते, हा धोका प्रत्येक मुक्तीच्या चळवळीत असतो. आपल्याही.

काही वर्षांपूर्वी एक वयस्क गायक आमच्या ऑफिसात आले. पिशवीतून एक कॅसेट आणि एक जीर्ण वही काढून टेबलावर ठेवली.

"जयभीम वकीलसाहेब. हे गाणं माझं. जयंतीला गावोगाव वाजतं. हे वाचा."

कॅसेटच्या कागदावर छापले होते, गीत : पारंपरिक. वहीत तेच गाणे त्यांच्या हस्ताक्षरात, खाली तारीख. कंपनीने रेकॉर्डिंगच्या दिवशी एकदाच काही रक्कम हातावर ठेवली होती. करार नाही, पावती नाही. आम्ही नोटीस पाठवली. उत्तर आले की, हे लोकगीत आहे, त्याला कोणी एक लेखक नाही. म्हणजे पहा, आपला माणूस लिहितो तेव्हा ते 'लोकांचे' होते, आणि पैसे मोजायची वेळ येते तेव्हा ते कंपनीचे होते!

आम्ही दुसरी नोटीस तयार करत होतो. पुरावा म्हणून त्यांच्या पार्टीतले ढोलकीवाले आणि झीलकरी यांना बोलावले. ढोलकीवाल्या काकांनी सगळे ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाले, "दादा, शब्द तुमचे. पण चाल मी बसवली होती. माझं नाव कुठाय?"

ऑफिसात कोणी बोलेना. वही आम्ही पुन्हा चाळली. त्या वहीत चाल बसवणाऱ्याचे नाव कुठेच नव्हते. आमचे पक्षकार बराच वेळ खाली पाहत राहिले. मग म्हणाले, "वकीलसाहेब, नोटिशीत ह्यांचं नाव आधी घाला." आम्ही दोन्ही नावे घातली. प्रकरण कोर्टात गेले नाही. पुढच्या आवृत्तीवर दोघांची नावे छापली गेली, पैसे मात्र मिळाले नाहीत. तरी ते दोघे एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून जिना उतरले, ते आम्ही विसरलो नाही.

आपल्या चळवळीचे किती तरी ऐवज असेच 'पारंपरिक' झाले आहेत. वामनदादा कर्डक मोठेपणी अक्षर शिकले आणि हजारो गाणी लिहून १५ मे २००४ रोजी गेले. विलास घोगरे यांनी १९९७ साली रमाबाई नगरच्या गोळीबारानंतर आपला जीव दिला. ही नावे निदान आपल्याला ठाऊक आहेत. ज्यांची ठाऊक नाहीत त्या पेटीवाल्यांचे, कोरसमधल्या बायांचे, चाली बसवणाऱ्यांचे काय? आपल्या इतिहासातून मनुवाद्यांनी आपली नावे पुसली, असे आपण म्हणतो, आणि ते खरेच आहे. पण आपल्या वहीत आपणच जी नावे लिहिली नाहीत, त्याचा दोष कोणाला देणार?

म्हणून कायदा काय म्हणतो ते थोडे सांगतो. आपल्या देशात कॉपीराइट कायदा १९५७ सालचा. गाण्याचे शब्द आणि त्याची चाल, दोन्हींना वेगवेगळे संरक्षण आहे. लिहिणारा आणि चाल बसवणारा, दोघेही कर्ते. हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे टिकतो आणि वारसांकडे जातो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. तोंडी बोलण्याने तो जात नाही. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षांचीच धरली जाते. कलम ५७ प्रमाणे हक्क विकला तरी 'हे माझे' म्हणून नाव सांगण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो, आणि त्याच्या पश्चात वारसही तो बजावू शकतात. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांच्या रॉयल्टीचा हक्क इतका पक्का केला की, यापुढे कंपनीने सही घेतली तरी तो हक्क सोडून देता येत नाही. आणि कॉपीराइट मिळण्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. वहीतले हस्ताक्षर आणि तारीख हाही पुरावा आहे.

हे सगळे आपल्या किती शाहिरांना माहीत आहे? बाबासाहेबांनी कायदा हातात दिला आणि आपण तो कपाटात ठेवला. याला मिसएज्युकेशन नाही तर काय म्हणायचे?

लॉरिन हिलने त्यानंतर आजवर दुसरा स्टुडिओ अल्बम केलेला नाही. २००२ साली गिटार घेऊन एका मंचावर गायलेली नवी गाणी तेवढी प्रसिद्ध झाली. २०१३ साली कर न भरल्याबद्दल तिला तीन महिने तुरुंगात जावे लागले. तिच्या आयुष्याचा न्यायनिवाडा करण्याचे आम्हाला कारण नाही. एका अल्बमने तिने आपल्या समाजाच्या मुलींना जे दिले ते राहणारच आहे. पण त्या अल्बमच्या कागदावर कामाची नोंद सुरुवातीलाच नीट झाली असती, तर त्या आनंदाला कोर्टाची पायरी चढावी लागली नसती.

आमची सूचना साधी आहे. येत्या जयंतीला प्रत्येक विहाराने आपल्या गावातल्या गायकांची, शाहिरांची एक वही करावी. गाणे कोणते, शब्द कोणाचे, चाल कोणाची, पेटीवर कोण, ढोलकीवर कोण, मागे झील धरणाऱ्या बाया कोण, साल कोणते. खाली सर्वांच्या सह्या घ्याव्यात. जे हयात नाहीत त्यांच्या घरी जाऊन विचारावे. नवे गाणे रेकॉर्ड करायला निघालेल्या तरुणांनी आधी एक पानभर करार लिहावा आणि मगच माइकसमोर उभे राहावे. आपसात कसला करार, आपण एका रक्ताचे, असे म्हणू नये. करार अविश्वासापोटी करायचा नसतो. उद्या आपला सोबती दुरावू नये म्हणून करायचा असतो. गावात कोणी वकील असेल तर त्याने या कामाची फी घेऊ नये. आम्हीही घेणार नाही.

हजेरी आपली आहे, वहीही आपली आहे. पुकारताना एकही नाव राहू देऊ नका.

जयभीम!